घरी निरनिराळे चहा चाखणं आणि बनवणं : इंदूरच्या पाण्याला धरून नेमकी प्रमाणं

आधण

इंदुरात आता दार्जिलिंग, कांगडा, नीलगिरी, आसामची लांब पानाची पत्ती सहज मिळते. ती घरी येते आणि रोजच्या दाणेदार पत्तीसारखी पातेल्यात खळखळून उकळली जाते. मग ‘फिकट लागतो’ किंवा ‘कडू लागतो’ अशी तक्रार होते आणि महागाची पुडी फडताळात पडून राहते. अशा वेळी दोष बहुतेकदा पत्तीचा नसतो. पाणी, तापमान आणि वेळ या तिघांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. म्हणून या धाग्यात नेमकी प्रमाणं लिहूया : पत्ती ग्रॅममध्ये, पाणी मिलीत, वेळ मिनिटांत.

पहिली सूचना चमच्याबद्दल. लहान चमचा सपाट भरून सीटीसी (रोजची दाणेदार पत्ती) घेतली तर ती साधारण अडीच ग्रॅम भरते. त्याच चमच्यात दार्जिलिंगची अखंड पानं जेमतेम एक-सव्वा ग्रॅम मावतात, कारण ती पोकळ आणि फुगीर असतात. ‘दर कपाला एक चमचा’ हा नियम सगळ्या पत्त्यांना लावला की पानांचा चहा पाणचट होणारच. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. चहासाठी घरात एकच नवी वस्तू आणायची असेल तर ती हीच.

आता चाखण्याची रीत. चहा तपासण्यासाठी आयएसओ ३१०३ हे मानक आहे. ते १९८० साली आलं. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, चिनी मातीचं पांढरं भांडं, ताजं उकळतं पाणी आणि झाकून ६ मिनिटं. मग गाळायचं. हे प्रमाण पिण्यासाठी नाही. सहा मिनिटांत पत्तीचे गुण आणि खोड सगळंच बाहेर येतं, त्यासाठी ते आहे. दोन-तीन पत्त्या ताडून पाहायच्या तर एकसारखे पांढरे कप घ्या, वर बशी उपडी घाला आणि सगळ्यांत एकाच वेळी पाणी ओता. दूध-साखर नाही. कोराच चहा, कोमट झाल्यावर चमच्याने आवाज करत सुर्रकन ओढायचा. हवेबरोबर तो जिभेवर पसरतो आणि वास घशामागून नाकात जातो. लसूण शेव किंवा जिरावण (इंदुरी मसाला) घातलेले पोहे खाऊन लगेच चाखायला बसू नका. तासभर जाऊ द्या आणि कोमट पाण्याने चूळ भरा.

माळवी_पाणी

आधण, चांगला धागा. पण इंदुरात सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

शहरात दोन प्रकारचं पाणी घरात येतं. एक जलूदहून उपसून आणलेलं नर्मदेचं, दुसरं बोअरिंगचं. बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत दोन्ही एकत्र होतात, त्यामुळे आज एक चव आणि उद्या दुसरी. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. कोऱ्या चहावर तपकिरी, तुटक, चमकणारा तवंग येतो आणि कपाच्या कडेला चिकटतो, तो याचमुळे. चहातले पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारी द्रव्यं) हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि कॅल्शियम त्या थराला धरून ठेवतं. तो तवंग म्हणजे पत्तीतली भेसळ नव्हे आणि तेलही नव्हे. बायकार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी होतं, त्याने चहाचा रंग काळपट आणि मळकट दिसतो. लिंबाचा एक थेंब टाकून बघा, तवंग नाहीसा होतो आणि रंग एकदम उजळतो.

घरात तपासायचं असेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. फेस न येता वर दुधट साका आला तर पाणी जड आहे. भांड्यांचं द्रावण वापरू नका, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

उपाय दोन. पहिला फुकटचा : पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून निवू द्या, तळाशी पांढरी भुकटी बसेल, वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा याने बराच उतरतो, सल्फेटचा उतरत नाही. दुसरा उपाय आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी मिसळण्याचा. नुसत्या आरओच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३०-४० असेल तर चहा सपक लागतो, दम येत नाही. बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा ४० असेल तर एक भाग बोअर आणि चार भाग आरओ मिळून साधारण १५० येतो. पानांच्या चहाला १०० ते १५० ठीक. मात्र टीडीएसचा मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, जडपणा वेगळा दाखवत नाही, म्हणून साबणाची चाचणीही करा.

गवती

दुधाच्या चहालाही पाण्याची एवढी काळजी घ्यायची का?

माळवी_पाणी

गवतीताई, एवढी नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफेनॉलना धरतं, त्यामुळे तवंगाऐवजी साय दिसते आणि तुरटपणाही दबतो. खूप जड पाण्यात मात्र पत्ती दीडपट घालूनही चहा ‘चढत’ नाही, तेव्हा पाणी बदला.

दाणेदार

रोजच्या चहाबद्दल मी लिहितो, कारण घराघरात तोच जास्त होतो आणि त्याच्याकडे लक्ष मात्र कमी दिलं जातं.

सीटीसी म्हणजे पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. दाण्याच्या आकारावर प्रत ठरते. बीपी हा मोठा दाणा, पीएफ त्याहून बारीक, डस्ट सगळ्यात बारीक. बारीक दाणा रंग झटकन सोडतो पण सुगंध कमी देतो. मोठा दाणा हळू सोडतो आणि चव जास्त वेळ टिकते. सियागंजच्या बाजारात सुटी पत्ती घेताना नुसतं ‘कडक द्या’ म्हणू नका. प्रत कोणती आणि माल कोणत्या महिन्याचा, हे दोन प्रश्न विचारा. मूठभर पत्ती पांढऱ्या कागदावर पसरा. दाणे एकसारखे, काळपट तपकिरी, वजनाला भरीव हवेत. लालसर काड्या-तंतू जास्त दिसले तर पत्ती हलकी आहे. राखाडी छटा असेल तर ती जास्त घासली गेलेली किंवा जुनी असते. घरी दोन भाग बीपी आणि एक भाग पीएफ मिसळली तर रंग आणि चव दोन्ही मिळतात.

दोन कपांसाठी : पाणी १६० मिली, दूध १२० मिली, पत्ती ५ ग्रॅम, आलं ८ ग्रॅम ठेचून, साखर आवडीप्रमाणे. पाण्यात आलं घालून झाकण ठेवून तीन मिनिटं उकळा. पत्ती आणि साखर घाला, मध्यम आचेवर दोन मिनिटं. मग दूध, तेही गरम केलेलं. फ्रिजमधलं थंड दूध ओतलं की आधण बसतं, पुन्हा उकळी येईपर्यंत पत्ती अर्धवट तापमानावर रेंगाळते आणि चहा जड, शिळा लागतो. दूध घातल्यावर दोन उकळ्या, फार तर तीन. गॅस बंद, ठेचलेली एक वेलची टाका आणि मिनिटभर झाकून ठेवा. वेलची सुरुवातीला घातली तर तिचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. लवंग-दालचिनी मात्र आधीच पाण्यात हवी, ती उशिरा सुटते.

दूध फुल क्रीम (६ टक्के स्निग्धांश) असेल तर वरच्या मापात ते १०० मिली करा आणि पाणी १८० मिली. टोन्ड (३ टक्के) असेल तर दिलेलं प्रमाण बरोबर आहे. फुल क्रीम जास्त घातलं की पत्तीचा तुरट जोर मारला जातो आणि मग लोक पत्ती वाढवतात, ती वाढवून कडवटपणा येतो. हा फेरा दुधापासून सुरू होतो.

गवती

आल्याने दूध फाटतं तेव्हा नेमकं काय होतं? आणि गुळाच्या चहाला काय करायचं? गवती चहाची पात कधी घालायची?

दाणेदार

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातल्या केसिनला तोडतं आणि दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं, म्हणून आलं आधी पाण्यात उकळायचं. दुधात शेवटी आलं किसून टाकण्याची सवय असेल तर ती सोडा. दूध आदल्या दिवसाचं आणि किंचित आंबट झालेलं असेल तर आलं नसतानाही फाटेल, तो दोष आल्याच्या माथी मारू नये.

गुळात आम्लता असते आणि ती दर ढेपेत वेगळी. तेव्हा बिनसाखरेचा चहा पूर्ण करून, गाळून, दोन मिनिटं थांबून मग किसलेला गूळ पेल्यात घाला. पातेल्यात उकळत्या दुधात गूळ घालणं टाळाच.

पात ताजी असेल तर कात्रीने कापून दोन कपांना तीन-चार बोटं लांबीची, पत्तीबरोबर. तिला दोन मिनिटं पुरतात. जास्त उकळली तर गवताचा कच्चट वास येतो.

हिरवं_पान

‘ग्रीन टी कडू लागतो’ या तक्रारीचं उत्तर जवळजवळ नेहमी तापमान असतं. कॅटेचिन आणि कॅफिन ही कडू-तुरट द्रव्यं गरम पाण्यात भराभर उतरतात. गोडसर चव देणारं थिआनिन मात्र कमी तापमानालाही उतरतं. म्हणून पाण्याचं तापमान उतरवून घेतलं की कडूपणा मागे राहतो आणि गोडवा येतो.

थर्मामीटर लागत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्याचे तीन भाग आणि माठातलं नव्हे, साध्या तापमानाचं (२५-३० अंश) पाणी एक भाग मिसळलं की ८० अंश मिळतात. तीनास दोन मिसळलं की ७०. मेच्या दुपारी टाकीचं पाणी आधीच तापलेलं असतं, तेव्हा थंड पाणी थोडं वाढवा. मिसळायचं पाणी अर्थात पिण्याचंच हवं.

भारतीय किंवा चिनी हिरवी पत्ती, जी कढईत परतून तयार होते : २ ग्रॅम, १५० मिली, ८० अंश, दोन मिनिटं. जपानी सेन्चा वाफवलेली असते, पानं नाजूक आणि तुटकी : ७० अंश, एक ते दीड मिनिट, आणि बारीक जाळीची गाळणी. तीच पानं दुसऱ्यांदा वापरता येतात, दुसऱ्या वेळी अर्धंच मिनिट पुरतं कारण पानं आधीच उघडलेली असतात. पांढऱ्या चहाला (नुसत्या कळ्या) ३ ग्रॅम, २०० मिली, ८५ अंश, पाच मिनिटं. त्याचा रंग शेवटपर्यंत फिकटच राहतो. रंग येण्याची वाट पाहत बसलं तर चव हातची जाते.

अहिल्यानगरीकर

दार्जिलिंगच्या दोन पुड्या आहेत, एक फर्स्ट फ्लश, एक सेकंड फ्लश. पहिलीची पत्ती हिरवट दिसते. दुकानदाराने ग्रीन टी तर मिसळला नाही ना?

आधण

बहुतेक नाही. फर्स्ट फ्लश म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची पहिली खुडणी. हे कोवळं पान खूप सुकवलं जातं, मग पुढे त्याचं ऑक्सिडेशन (हवेने पान तपकिरी होणं) पुरतं होत नाही, म्हणून त्यात हिरवा तुकडा दिसतो. तो त्या हंगामाचा गुण आहे. चव फुलांसारखी, हलकी, थोडी तीक्ष्ण. २.५ ग्रॅम, २०० मिली, उकळी उतरवून मिनिटभर थांबलेलं पाणी (९० अंशांच्या आत-बाहेर), तीन मिनिटं. दूध अजिबात नाही.

सेकंड फ्लश मे-जूनचा. पान गडद, अर्क तांबूस, आणि चांगल्या मालात मस्कट द्राक्षांची ओळखू येणारी चव. तिच्यामागे एक बारीक हिरवा तुडतुडा आहे. तो पानाचा रस शोषतो, झाड त्याला उत्तर म्हणून सुगंधी टर्पीन तयार करतं आणि ते पुढे चहात उतरतं. याला पाणी उकळतं चालेल, वेळ साडेतीन ते चार मिनिटं. यात पावसाळी माल कुणी सेकंड फ्लश म्हणून विकला तर रंग येईल पण ती द्राक्षाची चव येणार नाही, चाखताना तेच शोधा. ‘दार्जिलिंग’ हे नाव भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे (२००४-०५), तेव्हा पुडीवर बागेचं नाव आणि हंगाम छापलेला असणं एवढी अपेक्षा ग्राहकाने ठेवायलाच हवी.

बाकीच्यांचं थोडक्यात. आसाम ऑर्थोडॉक्स (लांब पानाची, दाणेदार नव्हे) : २.५ ग्रॅम, २०० मिली, उकळतं पाणी, चार मिनिटं, माल्टसारखी भरीव चव, हवं तर चमचाभर दूध. नीलगिरी : तेवढंच प्रमाण, तीन ते चार मिनिटं, स्वच्छ आणि चुणचुणीत, लिंबाबरोबर उत्तम. कांगडा : चिनी जातीची झुडपं, १९०५ च्या भूकंपात तिथल्या बागा उद्ध्वस्त झाल्या, अजूनही उत्पादन थोडंच, २००५ मध्ये मानांकन. अर्क फिकट सोनेरी, तीन मिनिटं. कांगड्याकडून आसामचा जोर मागू नये.

पात्राबद्दल : चिनी माती किंवा काच. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, थंड चिनी माती पाण्याचे आठ-दहा अंश सहज खाते. स्टील चालतं. लोखंडी भांड्यात टॅनिनशी संयोग होऊन चहा शाईसारखा काळा होतो. आणि ते सुपारीएवढे जाळीचे अंडाकृती गाळणे पानांच्या चहासाठी घेऊच नका. पान तिप्पट-चौपट फुगतं, त्याला जागा मिळाली नाही तर मधली पानं कोरडीच राहतात.

हिरवं_पान

उलाँगचं (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) राहिलं. लहान झाकणाच्या पेल्यात १०० मिलीला ५ ग्रॅम, ९५ अंश. पहिलं पाणी पाच सेकंदांत ओतून टाकायचं, मग २०-३० सेकंदांचे लहान लहान घाणे. गोळीसारखी वळलेली पानं तिसऱ्या घाण्यात पूर्ण उघडतात, खरा सुवास तेव्हा येतो. पुढच्या प्रत्येक घाण्याला दहा-पंधरा सेकंद वाढवा.

दाणेदार

ते पहिलं पाणी सीटीसीला कधीही ओतून टाकू नका. दाण्याचा पृष्ठभाग एवढा मोठा असतो की पहिल्या काही सेकंदांतच निम्मा रंग निघून जातो.

अहिल्यानगरीकर

रंग घातलेली पत्ती घरी ओळखता येते का?

दाणेदार

ओल्या पांढऱ्या टिपकागदावर पत्ती पसरा, वर थोडं थंड पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी पत्ती झाडून कागद उजेडात धरा. कृत्रिम रंग असेल तर लगेच गडद, पसरणारे डाग दिसतात. शुद्ध पत्तीचे डाग फिकट असतात. बारीक डस्ट थंड पाण्यातही थोडा रंग सोडते, म्हणून तुलनेला खात्रीची पत्ती शेजारी ठेवा. लोहकणांसाठी पत्तीवरून चुंबक फिरवा.

गवती

पावसाळ्यात डब्यातल्या पत्तीला कुबट वास येतो.

माळवी_पाणी

पत्ती ओल आणि वास दोन्ही शोषते. हिंग, जिरावण, मसाल्याच्या डब्यांशेजारी तिची जागा नको, गॅसच्या वरच्या फळीवर तर नकोच, वाफ तिथेच जाते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तोही जवळपास भरलेला. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवा पत्ती उतरवते, पत्ती कमी झाली की लहान डब्यात काढा. ओला चमचा घालू नका. कुबट वास एकदा लागला की तव्यावर शेकून जात नाही. शेकण्याने उरलेला सुगंध मात्र जातो. सीटीसी सहा-आठ महिने चांगली राहते, फर्स्ट फ्लश आणि हिरवी पत्ती त्याच वर्षी संपवा.

अहिल्यानगरीकर

आणि उन्हाळ्यात? गरम चहा करून थंड केला तर तो गढूळ होतो.

आधण

थंड होताना कॅफिन आणि थिआफ्लेविन (चहाच्या रंगातलं एक द्रव्य) एकमेकांना धरून साका बनतात, त्याने गढूळपणा येतो. चहा खराब झालेला नसतो. थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो. कडक आसामात हे जास्त, नीलगिरीत क्वचित, म्हणून थंड चहासाठी नीलगिरीच घ्या.

त्याहून चांगला मार्ग थंड पाण्यात मुरवण्याचा : एक लिटर पाण्याला नीलगिरी किंवा दार्जिलिंगची ८ ग्रॅम पानं, काचेच्या बाटलीत, झाकण लावून फ्रिजमध्ये आठ तास, मग गाळा. कडवटपणा फार कमी उतरतो, साखर लागत नाही. इथे पाणी तापतच नाही, म्हणून ते आधी उकळून निववलेलं हवं. बाटली फ्रिजबाहेर ओट्यावर किंवा गच्चीत उन्हात मुरत ठेवू नका. कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि या रीतीत त्यांना मारण्याइतकी उष्णता कुठेच मिळत नाही. गाळलेला चहा २४ तासांत संपवा.

गवती

शेवटचा प्रश्न. पाहुण्यांसाठी काहवा (काश्मिरी मसाल्याचा हिरवा चहा) करायचा आहे, चार जणांना.

हिरवं_पान

पाणी ६५० मिली, दालचिनीचा दोन इंची तुकडा, चार ठेचलेल्या वेलच्या, दोन लवंगा. झाकून पाच मिनिटं मंद उकळू द्या, मग साखर घाला. आच बंद करून दोन मिनिटं थांबा, ६ ग्रॅम हिरवी पत्ती घाला, झाकून दोन मिनिटं, गाळा. पत्ती घातल्यावर आच पेटवायची नाही, चूक होते ती इथेच. दहा-बारा काड्या केशर आधी चमचाभर कोमट पाण्यात भिजवून ठेवा आणि गाळल्यावर घाला. बदामाचे काप पेल्यात आधी, वरून काहवा. साखरेऐवजी मध हवा असेल तर तो प्रत्येकाने आपापल्या पेल्यात घ्यावा, थोडा निवल्यावर.